मार्चचा अहवाल

फॉर्मवर पहिला रकाना : गाव.
जांबोटीच्या रस्त्यावरून आत, कौलांच्या भट्टीमागे
चौदा घरं. फाट्यावरच्या पाटीवर दोन लिप्या,
एकीला कोणीतरी काळं फासलेलं.
कुठल्या, मी शलमोनला खुणेने विचारलं.
या वेळी आपल्या, तो म्हणाला.
हसलो. तो तोंडाने, मी खांद्यांनी.

पारावरच्या दोघांनी स्कूटर अडवली.
धर्म बदलाया आलाय काय?
शलमोनने मला हातांनी सांगितलं.
मी म्हटलं, त्यांना सांग,
आधी 'पाणी'पर्यंत तर पोहोचू द्या.

दुसरा रकाना : व्यक्तीचं नाव.
वहिनी दारातच बोलू लागली,
पानाने रंगलेले ओठ इतके भरभर
की मला वाचता येईनात.
शलमोनने वहीत उतरवून दिलं, जसंच्या तसं :
'ते व्हय? ते भट्टीवर हाय.
त्येला काय कळत न्हाई ओ.
घातलं की खातंय, दावलं की करतंय.'

ते.
शाळेत बाई फळ्यावर लिहायच्या,
तो मुलगा, ती मुलगी, ते वासरू, ते भांडं.
मी उशिरा शिकले, म्हणून पक्कं शिकले.

नाव रेशन कार्डावर सापडलं : लुमाण्णा. वय सत्तेचाळीस.
आपल्याला हे नाव आहे
हे त्या घरात फक्त त्यालाच माहीत नव्हतं.

तो आला. भुवयांवर राख.
मी हात हलवले तर त्याने हातांत पाहिलं,
काही आणलंय का म्हणून.
ते पाहणं मी ओळखते.
नऊ वर्षांची होईपर्यंत मीही तसंच पाहायचे.
आजोबांची खाट एका सकाळी रिकामी होती
आणि माझ्याजवळ 'कुठे' नव्हतं.

चित्रांचा तक्ता उलगडला. गव्हाणी, मेंढपाळ, क्रूस.
त्याने मेंढरावर बोट ठेवलं,
गळ्यावरून आडवा हात फिरवला, बोटं चाटली.
वहिनी लाजली. शलमोन खोकला असावा.
मी मान हलवली : हो, मेंढरू. चविष्ट.

मग मी येशू म्हणाले.
आमच्यात ते असं म्हणतात :
मधलं बोट एका तळहातात रुतवायचं,
मग दुसऱ्या.

तो थांबला.
माझ्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या.
उजवी मूठ हळूहळू उघडली. आत
चकचकीत, सुरकुतलेली, कौलाएवढी रुंद
जुनी भाजलेली जागा.

आणि सांगू लागला.
गुडघ्याएवढा, असा, इतका लहान.
एक मिशीवाला. दुसरा, पोट पुढे.
लाल कौल, चिमट्यात.
मूठ त्यांनी धरली, बंद केली, दाबली,
आणि दोघं वाकून
त्याच्या तोंडात बघत राहिले.
ओरडतं का ते.

तीनदा सांगितलं. दर वेळी मिशी आणखी लांब.
वहिनीचे ओठ आता सावकाश हलत होते, मीच वाचले :
आम्हास्नी वाटलं, पडला असंल.

मी तक्ता गुंडाळला.
कोण? असं विचारायला भुवया पुरतात.
त्याने भट्टीकडे बोट केलं,
मग आभाळाकडे, मग मातीकडे.
मेले असावेत.

तिसरा रकाना : शुभवर्तमान किती जणांनी ऐकलं?
हा शब्द बदला, पाळकांना मी दर महिन्याला सांगते.
लिहिलं, शून्य.
शेऱ्यात : लुमाण्णा बोलला. पाऊण तास.

निघताना वहिनीने शलमोनला काही विचारलं.
वहीत आहे : 'परत कवा येताय? त्यो वाट बघंल.'

स्कूटर वळली तेव्हा तो भट्टीपाशी उभा होता.
मधलं बोट तळहातात टेकवलं,
मग दुसऱ्या,
मग सरळ माझ्याकडे दाखवलं.

त्याला वाटलं असेल, ते माझं नाव आहे.
दुरुस्त करायला हवं होतं.
पुढच्या गुरुवारी करीन.